वरुणेच्या अलीकडे

आजी,

तू गल्लीतून चाललीस की माणसं बाजूला व्हायची. काल तुझ्या शोकसभेत वझेकाकांनी त्याला आदर म्हटलं. ते इथल्या मराठी मंडळाचे सचिव आहेत, त्यांना असं काहीतरी म्हणावंच लागतं. मला आठवतं ते निराळं. दुपारची जेवणं झाली की तू गंगाजळाचा तांब्या आणि चार तुळशीची पानं घेऊन निघायचीस. मंगला गौरीच्या देवळाच्या वळणावरची दहीवाली तुला बघून आपल्या म्हाताऱ्या सासूला ओट्यावरून आत घ्यायची. आज दादी कुणाकडे, असं कुणी विचारायचं नाही. तू कोणत्या दाराशी थांबतेस ते नुसते बघत राहायचे. आपलं दार मागे पडलं की मग हात जोडायचे. आयुष्यभर तुला नमस्कार झाले ते बहुतेक पाठीला.

मला लहानपणी याची गंमत वाटायची आणि कॉलेजात गेल्यावर लाज. परवा मी तोच तांब्या घेऊन घाटावर पाणी आणायला निघाले, तर ती दहीवाली, आता स्वतःच सत्तरीची, ओट्यावर बसली होती. तिच्या सुनेनं मला बघितलं आणि म्हणाली, ‘अम्मा, अंदर चलिए, धूप लग जाएगी।’ ऊन अजिबात नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. सहा फूट उंच. जिवंतपणी तू पाच फूटही नव्हतीस. फोटो बाबांच्या साठीतला आहे, ज्यात तू आचाऱ्यावर चिडलेली आहेस. मंडळानं तुझ्यामागे सूर्य उगवून त्या चिडण्याचं तेज केलंय. खाली लिहिलंय, ‘काशीवासी मातोश्री द्वारकाबाई. एकतीस वर्षे अखंड क्षेत्रसंन्यास. अंतिम श्वासापर्यंत काशीची सीमा न ओलांडणाऱ्या तपस्विनीस विनम्र अभिवादन.’ त्याखाली अभिवादन करणाऱ्या अकरा जणांचे फोटो, तुझ्यापेक्षा जरा लहान आकारात.

यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. आज सकाळपर्यंत ते दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि गुरुजींना. तिसरं माणूस तू असलीस तर ते मला कळायला हवं होतं, आणि आता ते कधीच कळणार नाही.

आजोबा गेले त्या वर्षी तू ब्रह्मा घाटावर गुरुजींसमोर बसलीस, हातात पाणी घेतलंस आणि मरेपर्यंत काशी सोडणार नाही म्हणालीस. गुरुजींनी तुला पंचक्रोशीची सीमा दिली. ती चांगली ऐसपैस आहे. आत सगळं शहर येतं, स्टेशन येतं, वरुणेपलीकडच्या वस्त्या येतात, शेतंसुद्धा येतात. तुला ती पटली नाही. ‘एवढ्या मोठ्या अंगणात राहायला संन्यास कशाला घ्यायचा?’ म्हणालीस, आणि आपली आपण आखून घेतलीस. एका अंगाला वरुणा, दुसऱ्या अंगाला अस्सी, समोर गंगा. त्या दिवसापासून या नद्यांवरचे सगळे पूल तुझ्यापुरते पडले.

माझं लग्न पुण्याला झालं, तू आली नाहीस. ते मी समजून घेतलं. पण पुढे आम्ही शिवपूरला घर घेतलं. याच शहरात, वरुणा ओलांडली की ऑटोनं दहा मिनिटं. अठरा वर्षं झाली, तू माझं स्वयंपाकघर पाहिलं नाहीस. दर उन्हाळ्यात लोणच्याची बरणी पाठवायचीस. बरणी पूल ओलांडायची, तू नाही. ‘मी आले तर तुझ्या घरी जेवेन एकदा, पण मग माझ्या शब्दाचं काय राहिलं?’ असं म्हणायचीस, आणि मी म्हणायचे की शब्द तुझा, शिक्षा मला. हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की शेवटी शेवटी दोघी आपापली वाक्यं भाजी निवडता निवडता म्हणायचो.

खरं भांडण दुसरं होतं. ते एकदाच झालं.

आपल्याकडे मरायला माणसं यायची. महाराष्ट्रातून, म्हातारी, बहुतेक एकेकट्या बायका. मुलं पोचवून जायची, मंगला गौरीच्या आसपास एखादी खोली घेऊन द्यायची, पहिलं वर्षभर पत्र पाठवायची. पुढे तू होतीस. तू त्यांना न्हाऊ घालायचीस, पेज भरवायचीस, त्यांच्या लेकांना फोन लावून शिव्या द्यायचीस. हे सगळं सभेत सांगून झालं, शिव्या सोडून. तू त्यांचे तळपाय बघायचीस हे मात्र कुणी बोललं नाही. अंगठ्यानं टाच दाबायचीस, बोटं उलगडून बघायचीस, आणि मग तुला कळायचं. मी यावर कधी विश्वास ठेवला नाही. माझ्या माहितीत तू दोनदा चुकलीस. त्यातले एक वकील बरे होऊन नागपूरला परत गेले आणि शेवटपर्यंत तुझ्यावर नाराज राहिले. बाकी वेळा तू चुकली नाहीस, आणि ते मी कधी तुझ्यासमोर कबूल केलं नाही.

सोलापूरच्या मालतीबाईंकडे मला बरोबर नेलं होतंस. मी एम.ए.ला होते. त्यांनी तुझा हात धरून विचारलं, ‘मी बरी होईन ना हो?’

तू म्हणालीस, ‘नाही, मालतीबाई. चार दिवस धरा. कुणाला बोलवायचंय का?’

मी बाहेर येऊन तुझ्यावर ओरडले. ‘एक थाप मारली असतीस तर काय बिघडलं असतं?’

‘तुझं काहीच बिघडलं नसतं.’

‘तिला बरं वाटलं असतं!’

‘बरं तुला वाटलं असतं. तिच्याजवळ चार दिवस आहेत, ते तिचे तिला वापरू दे की. लपवणारी तू कोण?’

‘आणि सांगणारी तू कोण?’

‘तिनं विचारलं, सुमे. विचारलं नसतं तर मी पेज भरवून गप्प परत आले असते.’

मालतीबाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावायला सांगितला आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका भांडणात आपलीच बाजू कशी बरोबर होती ते तिला अर्धा तास समजावलं. पाचव्या दिवशी गेल्या. ‘बघ,’ तू म्हणालीस, ‘केवढं काम उरकलं बाईनं.’ मला हसू आलं होतं, पण पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. फरक एवढाच की तेव्हा मला वाटायचं, हे नुसतं बोलणं आहे, माझ्यावर अशी वेळ कधी येणार नाही.

माघातली ती दुपार. तू गच्चीवर उन्हात बसली होतीस आणि मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू एकाएकी पाय ओढून घेतलास, मांडीवर उलटा केलास आणि स्वतःचा तळवा बघायला लागलीस. अंगठ्यानं टाच दाबलीस. मग दुसरा पाय.

‘किती?’ मी विचारलं. थट्टेनंच.

‘तुला सांगून काय फायदा? तुझा विश्वास नाही.’ तू पाय परत माझ्याकडे केलास. गंगेवर नावा चालल्या होत्या, कुणीतरी माइकवरून यात्रेकरूंना घाटांचा चुकीचा इतिहास सांगत होतं. तू त्या आवाजातच म्हणालीस, ‘सुमे, मला वरुणेपलीकडे न्यायचं नाही. शुद्धीत असो नाही तर बेशुद्ध.’

‘बघू.’

‘बघू काय? हो म्हण.’

मी म्हणाले, ‘पाय हलवू नकोस, तेल सांडेल.’

तू हसलीस. मला वाटलं विषय संपला.

आठव्या दिवशी, शनिवारी सकाळी मी आले तेव्हा तू देवघरापाशी भिंतीला टेकून बसली होतीस. ओठ निळे. समईची वात अर्धवट वळलेली हातात होती. बाबा चौकट धरून उभे होते. तुला ठाऊक आहे, बाबांना काही सुचेनासं झालं की ते काहीतरी धरून उभे राहतात. गल्लीतले डॉक्टर आले, दोन मिनिटं नळी लावून ऐकलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘दीदी, हार्ट है। बाबूजी को जिन्होंने स्टेंट डाला था, उन्हीं के पास ले जाइए। अभी निकलेंगी तो कुछ हो सकता है।’

बाबांचे हृदयाचे डॉक्टर वरुणेपलीकडे बसतात. बाबा दर तीन महिन्यांनी तिकडे जातात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तुलाही.

बाबा एवढंच म्हणाले, ‘सुमे, आईनं नको म्हटलंय. अलीकडेच कुठेतरी बघ.’

मी चपला घालत होते. मी ‘हो’ही म्हणाले नाही आणि ‘नाही’ही नाही. त्यांच्या छातीची अवस्था बघून त्यांना घरीच थांबायला सांगितलं.

आपल्या गल्लीत गाडी येत नाही, म्हणून तुला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून दोघांनी मैदागिनच्या चौकापर्यंत उचलून नेलं. जाताना दारादारात बायका उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या समोरून नमस्कार करत होत्या. एकीनं पुढे होऊन तुझ्या पायांना हात लावला, तेव्हा तू धापा टाकत म्हणालीस, ‘अभी मरी नहीं हूँ, बहू.’ कुणी हसलं नाही. मी हसले, आणि लगेच मला भीती वाटली.

अँब्युलन्समध्ये तुला आडवं केलं. खिडक्यांना दुधी काच होती, तुला बाहेरचं दिसत नव्हतं. मी ड्रायव्हरच्या बाजूला तोंड करून बसले होते, मला सगळं दिसत होतं. लहुराबीर गेलं. चौकाघाट गेला. पुलावर चढलो आणि बरोबर मध्यावर अडकलो. पुढे कुणाच्या तरी निवडीबद्दल मिरवणूक होती. उघडी जीप, हारांचा ढीग, त्या ढिगात कुठेतरी एक माणूस, आणि पुढे बँड. आपला भोंगा आणि त्यांचा बाजा एकात एक मिसळून गेले. जीपमधला माणूस आमच्याकडे वळला आणि त्यानं हात जोडले. त्याला वाटलं असेल की अँब्युलन्सही त्याच्याच सत्काराला आली आहे.

तू डोळे उघडलेस. ‘सुमे, वरुणा आली का?’

खाली वरुणा होती. काळं पाणी, वर हिरवी पानं साचलेली, न हलणारी.

‘नाही, आजी.’

‘गाडी का थांबलीय?’

‘जाम आहे. लहुराबीरला.’

‘बाजा कसला?’

‘वरात असेल.’

तुला श्वास पुरत नव्हता, तरी तू मनात काहीतरी मोजलंस. ‘आज मुहूर्त नाहीये.’

तू माझा हात शोधलास आणि म्हणालीस, ‘आली की सांग हं.’

‘सांगेन.’

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाला, ‘दीदी, बस पुल पार हो जाए, फिर पाँच मिनट।’ तुला ऐकू गेलं का, आजी? तुझे डोळे मिटलेले होते. हाताची पकड सैल झाली नाही, घट्टही झाली नाही. मी तो क्षण इतक्या वेळा आठवून बघितला आहे की आता मला आठवतंय ते खरं आहे की मी नंतर घडवलंय, तेही सांगता येत नाही.

अकरा वाजता तिथला तरुण डॉक्टर माझ्याकडे आला. चांगला मुलगा होता, बोलताना खाली बघायचा. म्हणाला, ‘माताजी का दिल बहुत थक गया है। अभी होश में हैं। घर ले जाना चाहें तो ले जा सकती हैं।’

सगळ्यांत जास्त हे लिहायला जड जातंय. पुलाबद्दल मी स्वतःला सांगू शकते की उपचार हवा होता म्हणून नेलं. अकरा वाजता उपचार संपला होता. तू शुद्धीत होतीस, रस्ता मोकळा झाला होता, अर्ध्या तासात तुला वरुणेच्या अलीकडे आणता आलं असतं. मी त्या मुलाला म्हणाले, ‘एक बार और जाँच कर लीजिए।’ त्यानं केली. मला बरं वाटलं. मला.

मी आत आले तेव्हा तू छताकडे बघत होतीस.

‘हे कुठलं गं?’

‘आपलं सरकारी अस्पताल.’

‘बायकांचा वॉर्ड?’

‘हो.’

‘मग नर्सा मला ओळखत कशा नाहीत?’

वीस वर्षं दर मंगळवारी तू त्या वॉर्डात डबे घेऊन गेलीस. तिथल्या भिंतीचा पोपडा कुठे निघालाय तेही तुला माहीत होतं. थाप मारायला मी सगळ्या शहरातली नेमकी तीच जागा निवडली.

‘नवीन आल्यात,’ मी म्हणाले.

‘आणि हे पडदे?’

‘तेही नवीन.’

‘नवीन,’ तू म्हणालीस. आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस, जसं तू माणसांच्या तळपायांकडे बघायचीस. घाई न करता. नंतर माझ्या हातातून आपला हात काढून घेतलास आणि स्वतःच्या छातीवर ठेवलास.

त्यानंतर चार तास तू जागी होतीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. ज्यांना ज्यांना तू ‘देवाचं नाव घ्या’ म्हणालीस त्यांची मोजदाद नाही, पण तुझे स्वतःचे ओठ हलले नाहीत. मी वाकून वाकून बघत होते. गंगाजळ आत नेऊ देत नव्हते, मी भांडलेही नाही. तू माझ्यावर रागावली होतीस की तुला कळलंच नव्हतं आणि नुसती थकली होतीस? तिसरीही एक शक्यता आहे, तीच मला सोडत नाही. तू श्वास जपून वापरत होतीस, परत नेतील म्हणून. तीन वाजून गेल्यावर तू गेलीस.

परत येताना पूल रिकामा होता. मिनिटभरात ओलांडला. मी बाबांना फोन केला. दिवसभर त्यांना ‘अलीकडेच आहोत, तपासण्या चालल्यात’ एवढंच सांगितलं होतं.

‘बाबा, आजी गेली. घरी आणताना, वाटेतच. चौकाघाटाला.’

ते म्हणाले, ‘चौकाघाट म्हणजे अलीकडे ना?’

‘अलीकडे.’

‘सुटली,’ ते म्हणाले आणि रडायला लागले. दिवसभरात पहिल्यांदा. त्यांचं ते रडणं ऐकून मला कळलं की हे वाक्य मला आता परत घेता येणार नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ठिकाण स्पष्ट छापलेलं असतं, पण दाखला फायलीत ठेवायचा असतो. तो वाचतो कोण?

मी काही मानत नाही, हे तुला माहीत आहे. काशीत मेलं की मुक्ती आणि पुलापलीकडे मेलं की नाही, असं नकाशा बघून ठरवणाऱ्या देवाची मी जन्मभर टिंगल केली. तरीही सहाव्या दिवशी मी गुरुजींच्या दाराशी गेले. सुतकातल्या घरातून गेले होते म्हणून ओट्याखालीच उभी राहिले. सगळं सांगितलं, पूल, पडदे, अकरा वाजता. ते आता नव्वदीला आले आहेत, एका कानानं ऐकतात. ऐकून म्हणाले, ‘मी तिला पंचक्रोशीचा संकल्प दिला होता. ते अस्पताल पंचक्रोशीच्या आत येतं. वरुणा तिनं आपली आपण घातली. शास्त्रानं काही दोष नाही.’

‘आणि तिच्या दृष्टीनं?’

‘ते मी कसं सांगू? ती होती तोवर तिला विचारायचं.’

ते पुढे म्हणाले, ‘वडिलांना सांगितलंत?’

‘नाही.’

‘मग माझ्याकडे शास्त्र विचारायला आलात की गप्प बसायची परवानगी मागायला?’

तुझ्याच पिढीचे, तुझ्यासारखेच. उत्तर देतात आणि वर एक प्रश्नही.

मी तरीही गप्पच बसले. दहावा झाला, अकरावा, बारावा. काल तेराव्याचं जेवण झालं आणि चार वाजता मंडळाच्या दिवाणखान्यात सभा. व्यासपीठावर सात खुर्च्या आणि तुझा फोटो. खुर्च्यांसाठी जागा कमी पडली तेव्हा फोटो सरकवला. प्रत्येक वक्त्यानं ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ म्हणून वीस मिनिटं घेतली. एकानं तुला वैराग्याची मूर्ती म्हटलं. तुला साखरेचा चहा दोन कप लागायचा आणि दुसरा कोमट आला तर घर हादरायचं. एकजण म्हणाला की यमराजसुद्धा तुला काशीबाहेर नेऊ शकला नाही. टाळ्या पडल्या. यमराजाला जमलं नाही ते कुणाला जमलं, ते मागच्या रांगेत बसलं होतं.

मी हे सगळं गिळलं असतं. सभेत जे बोलतात ते खरं असावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण शेवटी बाबा उठले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. माइक धरून उभे राहिले, आणि मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी धरलंय.

ते म्हणाले, ‘आईनं शेवटच्या श्वासापर्यंत शब्द पाळला. दैवानं तिला वाटेतसुद्धा सीमेच्या आत ठेवलं. मला जन्मभर कशावर नीट विश्वास ठेवता आला नाही, पण यावर बसला. परवा एकादशीला मी गुरुजींकडे क्षेत्रसंन्यास घेणार आहे. आईची जी सीमा, तीच माझी. वरुणा.’

लोक उभे राहिले. वझेकाकांनी त्यांना शाल घातली, ती बहुधा अध्यक्षांसाठी आणली होती. मी टाळ्यांमध्ये मोजत होते. दोन स्टेंट. दर तीन महिन्यांनी तपासणी. माझं घर शिवपूरला, डॉक्टर त्याच रस्त्यावर. आणि पुढचा जो कुठला शनिवार असेल तो.

आज सकाळी चहा झाल्यावर मी त्यांना सांगितलं. आधी डॉक्टरांचं बोलले. तुमच्या छातीचं काय, औषधं कोण बदलून देणार, वगैरे. ते नुसते मान हलवत होते. ‘आईचं झालं ना इतकी वर्षं?’ म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. तुला इथं लिहिलंय तसंच, क्रमानं. अकरा वाजताचंही सोडलं नाही. सांगताना मला वाटत होतं की मी त्यांना वाचवते आहे.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चहाचे डाग पडलेली बशी पुसत राहिले. सांगून झालं तेव्हा बराच वेळ गल्लीतला आवाज येत होता, कुणीतरी फ्लेक्सची दोरी घट्ट बांधत होतं, ‘थोड़ा और खींचो, दादी टेढ़ी हैं।’

‘पुलावर तिनं विचारलं होतं?’ बाबा म्हणाले.

‘हो.’

‘काय शब्दांत?’

‘वरुणा आली का, म्हणाली. मग म्हणाली, आली की सांग.’

‘आणि तू नाही म्हणालीस.’

‘हो, बाबा.’

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मी काहीतरी बोलू शकले असते. त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. इतका शांत मी तो कधी बघितला नव्हता.

‘म्हणजे तिची वरुणा राहून गेली,’ ते म्हणाले. ‘मग आता मला ती नीट पाळायला हवी. तिच्याही वाटची.’

‘बाबा, मी हे तुम्ही संकल्प घेऊ नये म्हणून सांगितलं.’

‘कळलं मला.’ ते उठले, भिंत धरून नाही, तसेच. ‘संकल्प उद्या आहेच. मला कुठे काही झालं आणि तू गाडीत असलीस तर तू नेशील, सुमे. तुला राहवणार नाही. मी त्याबद्दल बोलत नाही. पण मी विचारलं तर खरं सांगशील? एवढं सांग मला.’

ते उत्तराची वाट बघत उभे होते. बाहेर फ्लेक्स सरळ झाला असावा, कारण माणसं पांगल्याचा आवाज आला.

आजी, मी ‘हो’ म्हणाले. ज्या आवाजात पुलावर तुला ‘नाही’ म्हणाले होते, त्याच आवाजात.